फेल झालेल्या देणगीचा सत्कार

जय भीम, मित्रांनो. आज दुपारी माझंच एक भाषण खोटं ठरलं.

दोन महिन्यांपूर्वी परदेशात राहणारे एक साहेब आमच्या वस्तीत आले. अभ्यासिकेच्या नव्या इमारतीसाठी मोबाइलवरूनच क्रिप्टोत, म्हणजे डिजिटल चलनात, देणगी पाठवली आणि पुरावा म्हणून ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे त्या चलनाच्या खुल्या नोंदवहीतल्या, व्यवहाराचा लांबलचक नंबर दिला. आम्ही लगेच त्यांना शाल घातली, विहाराच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी बसवली, अभ्यासिकेचं जुनं पत्र्याचं शेड पाडलं. त्यांच्या दातृत्वावर चाळीस मिनिटं बोललो, तो मीच.

देणगी आलीच नाही. आज पुण्याहून आलेल्या माझ्या प्रोग्रामर पुतणीनं, करुणानं, तो नंबर एका एपीआयवर, म्हणजे त्या नोंदवहीतली माहिती काढून देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, तपासला.

“काका, व्यवहार फेल झालाय. पैसे हललेच न्हाईत.”

“मंग नंबर कसा मिळाला?”

“फेल झालेल्यालाबी नंबर मिळतो. अन् हे कुणालाबी बघता येतं. साहेबालाबी.”

“तपासायला किती वेळ लागला?”

“अर्धं मिनिट. भाषणाआधी इचारायचं ना!”

साहेबांना फोन केला. “अच्छा? बघतो,” म्हणाले आणि ठेवला.

कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे मी जन्मभर व्यासपीठावरून सांगत आलो. समोर परदेशातला दाता दिसला आणि मीच विसरलो.

आमच्या मुली आज विहाराच्या पायऱ्यांवर उन्हात बसून परीक्षेचा अभ्यास करत होत्या. पाटी मात्र सावलीत आहे. उद्या सकाळी ती मी काढणार आहे. शेड पाडायला सगळी वस्ती आली होती. पाटी काढायला कोण येतंय?