पार्वतीबाईंचा रेशमी ब्लाउज

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं मेहरुनचं शिलाई मशीन खडखडायचं आणि त्याच्याबरोबर साऱ्या गावाच्या बातम्याही शिवून निघायच्या. कुणाची कंबर वाढली, कुणाचं जमलं, कुणी नवऱ्याला चोरून साडी घेतली, हे मेहरुनला आधी कळायचं. ज्या बाईच्या वहीत आपल्या छातीचं माप आहे, तिला दुखवू नये, एवढं तरी शाळेच्या मुख्याध्यापिकेला कळायला हवं होतं. पण पार्वतीबाई पडल्या बी.एड.

मेहरुनची आयेशा सात वर्षांची. बोलणं मोजकं, डोळ्याला डोळा देणं नाही; बटणं रंगाप्रमाणं लावत बसायची. वर्गात मात्र तासाभरात कानावर हात ठेवून किंचाळायची. तिचा बाप मेहमूद रेल्वेत फिटर, त्यानं रजा काढून पोरीला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : स्वमग्नता असू शकते, अजून तपासण्या करू, तोवर शाळेनं सांभाळून घ्यावं.

पार्वतीबाईंनी चिठ्ठी पेपरवेटखाली सरकवली. "असू शकते म्हणजे नक्की नाही. नक्की झालं की या. तोवर मुलीला घरी ठेवा, बाकीची मुलं बिघडतात."

"बाई, तिला कॉलर टोचती वो. घरी गणवेश काढला की गप बसती. म्या बिनकॉलरचा गणवेश शिवते, पोरीला दाराजवळ बसवा."

"गणवेश म्हणजे गणवेश. एकीला सूट दिली की उद्या सगळ्या उघड्या येतील." मग शिपायाकडं पाहून हसत, "आईनंच लाड केलेत. काय टोचतंय म्हणे!"

ते हसणं मेहरुनच्या काळजात रुतलं. आयेशाचं नाव पटावर राहिलं, पोर मात्र घरात, बटणांपाशी. मेहरुन मशीनवर बसली. भाजीवाली साखरबाई म्हणाली, "तोंड न्हाई का तुला? चार शब्द सुनावायचे व्हते." मेहरुन दोरा दातानं तोडत म्हणाली, "तोंडानं काय व्हतंय, मावशी? थांबा वाईच."

फार थांबावं लागलं नाही. जानेवारीत पार्वतीबाई स्वतःच आल्या, हातात अंजिरी रेशीम. सव्वीस तारखेला पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब यायचे होते, शाळेला बक्षीस होतं. बाईंच्या पाठीचं कुबड झाकणारा ब्लाउज अख्ख्या दौंडात एकटी मेहरुन शिवायची. "मागचं झालं गेलं, हं! गळा नीट बसव."

"बसवते की, बाई. अगदी गळ्याशी बसवते."

ट्रायलला ब्लाउज लोण्यासारखा बसला. हुकं लावायला तो ठेवून बाई खूश होऊन गेल्या. त्या गेल्यावर मेहरुननं मानेमागचं अस्तर उसवलं आणि आत बकरम घातलं, कॉलर ताठ राहावी म्हणून घालतात तेच कडक कापड. त्याची कडा दुमडली नाही. कात्रीनं करवतीसारखी कातरली आणि दात अस्तराबाहेर केसभर राहतील असा टाका मारला. दोन्ही काखांतही एकेक तुकडा. आयेशाची कॉलर तिनं समोर ठेवली होती, नमुन्याला.

सव्वीसच्या सकाळी बाई स्टेजवर साहेबांशेजारी. झेंडावंदनाला नुसतं खुपल्यासारखं. कवायतीला हात मानेवर. साहेब भाषणाला उठले तोवर बाईंचे खांदे स्वतंत्रपणे कवायत करायला लागले होते. पहिली रांग खुसखुसली. साखरबाई तर पदर तोंडात कोंबून बसली. "शिस्त म्हणजे..." असं साहेब म्हणाले आणि बाई माईकशेजारीच ओरडल्या, "आई गं! मेले!" उठल्या आणि थेट सामानाच्या खोलीत.

दारात मेहरुन उभी. ब्लाउजची हुकं पाठीला, बाईंचा हात पोचेना; मेहरुनच्या पर्समध्ये कात्री होतीच.

"मेहरुन! आधी मान मोकळी कर! टोचतंय गं!"

मेहरुननं आत येऊन कडी लावली. "टोचतंय म्हंजी नक्की टोचतंय, का टोचू शकतंय?"

"नक्की! अगं, रक्त येईल!"

"लाड झालेत तुमचे, बाई."

पार्वतीबाईंना मग उमजलं. चेहरा अंजिरीपेक्षा गडद झाला. "तू... मुद्दाम?"

"व्हय, मुद्दाम. ओरडा की. साहेबांना सांगू दोघी मिळून. दोन घटकांत तुमची ही गत. माझ्या लेकीला तुम्ही दिवसभर बसवत व्हता. आन् वर हसलात."

बाहेर शिपाई दार वाजवत होता : "बाई, बक्षीस! साहेब थांबलेत!"

मेहरुननं डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स खोक्यावर उलटी ठेवली, पेन टेकवलं. बाईंनी मान वाकडी करून लिहिलं : बिनकॉलरचा गणवेश चालेल, जागा दाराजवळ, त्रास झाला तर बाहेर जायला परवानगी. खाली सही. मेहरुननं शिक्काही मागितला. शिक्का ऑफिसात होता, तो शिपायाकडून दाराच्या फटीतून घेतला आणि मगच कात्री चालवली. आरामात. एकेक टाका.

सोमवारी आयेशा शाळेत गेली. अजूनही कधी किंचाळते, पण मग दाराजवळून उठून जाते, पटांगणात चिंचोके रांगेत लावते, परत येते. तिला परत घरी बसवायचं कुणाचं धाडस झालं नाही.

आणि पार्वतीबाई? कुबड काही गेलं नाही, ब्लाउज अजून मेहरुनच शिवते. माप देताना बाई छताकडं बघतात. मेहरुन टेप बाईंच्या गळ्याभोवती घेते, फळीवरची बकरमची गुंडाळी काढते आणि दर वेळी फार आदरानं विचारते :

"घालू का, बाई, थोडं?"