सोलापूरनंतर बंद

बंगळुरूला नोकरीसाठी निघाले, तेव्हा पुणे स्टेशनवर गाडी हलेपर्यंत बाबांनी खिडकीचा गज सोडला नाही. नागपूरहून येऊन त्यांनी पुण्यात विश्रांतवाडीला घर केलं होतं. त्या घरातून बाहेर पडणारी मी पहिली. "तिकडे जेवणाचे हाल करू नकोस," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा एकटेच मला भेटायला निघाले. तेव्हा राज्याबाहेर गेलं की मोबाईलला रोमिंग लागायचं. आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. सोलापुरातून त्यांनी मला कळवलं, "बोलणार दुसरा, आणि बिल मला? पुढे कर्नाटक. आता फोन बंद करतोय. सकाळी स्टेशनवर ये."

तासाभरात पुण्याहून शेजारच्या कांबळेकाकूंचा फोन. "अगं, आईच्या छातीत कळ आली. दवाखान्यात आणलंय. लगेच ऑपरेशन करायचं म्हणतायत, घरच्यांची परवानगी हवी. बाबा लागत नाहीयेत!"

मीही लावत राहिले. बंद. दर वेळी बंद. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून डॉक्टरांना फोनवर विचारलं, "बाबांशी बोलणं होईपर्यंत थांबलं तर?"

"मी थांबणार नाही. तुम्हीही थांबू नका."

आईच्या जिवाचा निर्णय मी एकटीने घेतला. हो म्हटलं आणि मिळेल त्या विमानाने पुण्याला निघाले. बाबांना उतरवून घ्यायचं काम माझ्या खोलीत राहणाऱ्या शिल्पावर सोपवलं. विमानात मात्र सारखं वाटत होतं, आई गेली तर हे त्यांना एक अनोळखी मुलगी सांगणार.

सकाळी शिल्पाच्या फोनवरून बाबांचा आवाज आला. "शुद्धीवर आहे?"

"हो, बाबा. तुमचीच चौकशी करतेय."

पलीकडे त्यांनी शिल्पाला विचारलेलं ऐकू आलं, "पुण्याची परतीची गाडी किती वाजता?"

काही वर्षांनी सरकारी नियमांनी रोमिंगचे दर उतरले, मग येणारा फोन फुकट झाला. माझ्या टीममध्ये कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांची बिलं कंपनीच भरायची. मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "सरकारला सुचलं म्हणायचं एकदाचं!"

आता बंगळुरूत माझा फ्लॅट आहे, भाजीवाल्याशी भांडण्याइतकं कन्नड येतं. आई-बाबा दोघं येतात. रायचूर गेलं, गुंतकलचा चहा पाणचट निघाला, सगळं आई फोनवर सांगते. मी मीटिंगमधून उठून ऐकते. गाडी कुठवर आली हे मला ठाऊक असतं, आणि ऑफिसात उभी असले तरी तेवढा वेळ मी घरी असते.