मामय्या आणि चिमणीखालची गल्ली

कुणाच्याही घरी गेले की मामय्या आधी मोरीजवळचा टॉवेल चिमटीत धरून बघायचे. लग्नघरीसुद्धा. "रंग पक्का हाय," असं म्हणाले की मगच खुर्चीवर टेकायचे. आम्हा तेलुगू लोकांत सासऱ्यांना मामय्या म्हणतात. माझे मामय्या सोलापुरात टॉवेलच्या सुताला रंग देण्याचा कारखाना चालवत. कारखान्याच्या माडीवर आमचं घर, खालच्या गल्लीत कामगारांची घरं.

रंगाचं पाणी तापवायला बॉयलर लागतो. लाकूड महागलं तेव्हा मामय्यांनी त्यात जुने टायर आणि प्लास्टिकचा कचरा घालायला सुरुवात केली. गल्लीत दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर काजळी पडू लागली. कुणी तक्रार केली की ते हसून म्हणत, "चिमणी थंड पडली तर तुमच्या चुली थंड पडतील की!" त्यांना ते खरंच वाटत असे.

मग माझ्या मुलीला, चिन्नीला, खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा हवा बदला. मामय्यांनी लगेच शहराबाहेर, जुळे सोलापूर भागातल्या मोकळ्या हवेत बंगला बघितला आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. नातेवाइकांना त्यांनी सांगितलं, "जागा कमी पडाय लागली."

त्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. सुताच्या लडी वाळवणाऱ्या शेवंताबाईंनी प्रसाद घेताना मायेनं विचारलं, "मालक, चिन्नीचा खोकला कसा हाय?"

"गेला की. तिकडं गेलो अन् थांबलाच."

"बरं झालं बाई. माझ्या नातीचा न्हाय जात. आमी कुटं जावं, मालक?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखरच सल्ला विचारत होत्या. मामय्यांनी ताटातले आणखी दोन पेढे त्यांच्या हातावर ठेवले. घरी परतताना गाडीत ते तेलुगूत एवढंच म्हणाले, "मला ठाऊक होतं गं. ठाऊक होतं म्हणूनच तर घर बदललं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकूड मागवलं. पण कारभार एव्हाना माझ्या नवऱ्याच्या हातात होता. दर परवडेना, गिऱ्हाइकं तुटू लागली, आणि दिवाळीनंतर टायर परत आले. मामय्या भांडले, जेवण सोडलं, शेवटी गप्प झाले. कारखान्यात जायचंच त्यांनी थांबवलं. गल्लीतलं कुणी भेटायला आलं तर देवघरात जाऊन बसत. "झोपलेत म्हणून सांग," म्हणत. मी सांगत असे.

अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "मी गेल्यावर मला त्या गल्लीवरून नेऊ नका. त्या धुरात उभे राहून लोक माझ्या पाया पडतील. नको ते."

आम्ही त्यांना दुसऱ्या रस्त्यानं नेलं. दिवसकार्य उरकल्यावर शेवंताबाई आल्या. सगळी गल्ली हार घेऊन कोपऱ्यावर थांबली होती म्हणे. पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मालकास्नी आमच्याकडनं का न्हाय आणलं? आमचं काय चुकलं?"

"घाईघाईत राहून गेलं," मी म्हणाले.

त्यांनी ते खरं मानलं.