आक्कांच्या उशाशी लावलेला स्पीकर

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या आक्का, कुठलीही वस्तू बघून घेत नसत, वाजवून घेत. माठ असो, नारळ असो, पितळी कळशी असो, मधल्या बोटाचं पेर आधी तिच्यावर टकटकवायचं, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "खणखणीत हाय, घे." नाहीतर, "बद वाजतंय, ठेव खाली." कर्जतच्या बाजारात कुंभारणी त्यांना लांबून येताना बघूनच काही माठ मागं सरकवत. त्यांचं माहेर आणि सासर एकाच गावात. त्यामुळे लग्न होऊन गेल्या तरी त्यांची नजर माझ्यापासून कधी एका गल्लीपलीकडे गेली नाही.

मलाही त्यांनी वाजवूनच घेतलं होतं. बघायच्या दिवशी बाकीच्यांनी नाव विचारलं, स्वयंपाक विचारला. आक्का म्हणाल्या, मोठ्यानं काहीतरी बोल. मी तेव्हा इतकी हुशार, की दुसरं काही सुचेना म्हणून एका दमात आमच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशींची नावं सांगून टाकली. आक्कांनी ती डोळे मिटून ऐकली आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "आवाज जाडा हाय पोरीचा, पण भांडं फुटकं न्हाई." हे मला कौतुक वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी ते मैत्रिणींना मिरवत सांगत होते आणि त्या पदर तोंडाला लावत, ते त्यांना माझा हेवा वाटतो म्हणून, असं मी समजत होते.

तर अशा बाईनं एका उन्हाळ्यात माझ्यासाठी चिरलेला माठ निवडला.

नेहमीसारखं बोट आपटलं, कान नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खणखणीत." शेजारी उभ्या असलेल्या मला त्या माठाचा बद आवाज स्पष्ट आला होता. कुंभारणीलाही आला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. माठ डोक्यावरून घरी आणला, पाणी भरलं, आणि दुपारी ओट्यावरून ओघळ जमिनीवर येताना बघत बसले. पाणी वाया गेल्याचं काही नव्हतं. पण आक्कांचं बोट चुकलं नव्हतं, कान चुकला होता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. आक्का आता नेहमी दाराकडे तोंड करून बसायच्या. फळीवरची स्टीलची पातेली घासून आरशासारखी ठेवायच्या. मागून कुणी आलं की आधी त्यात दिसायचं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. लोकांना वाटायचं, आक्का म्हातारपणी जास्तच रोखून बघायला लागल्या. एकदा कुकरच्या शिट्टीवर शिट्टी होत राहिली, डाळीचा कोळसा झाला आणि धूर गल्लीत आला. तेव्हा त्यांचा मुलगा बाळासाहेब गावातच होता. तो सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला, तिथंच दोन खोल्या घेऊन राहतो. पोरगा चांगला, पण काळजीनं कडक झालेला. त्यानं सगळ्यांसमोर आईला सांगितलं, की तुला ऐकू येईना असं ज्या दिवशी माझ्या लक्षात येईल, त्या दिवशी टेम्पो दारात उभा राहील. इथं एकटीनं राहायचं नाही.

आक्कांना ते घर सोडायचं नव्हतं. सुप्याला त्या एकदाच राहून आल्या होत्या. तिथं दार लावून बसतात, म्हणाल्या, आणि जिना उतरून कुठं जायचं तेच कळत नाही. तेव्हापासून बाळासाहेब आला की मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभा राहून हळू हाक मारायचा, आणि आक्का पातेल्यात बघून ओ द्यायच्या. दर खेपेला माझा जीव टांगणीला लागायचा.

बहिरेपणाचं खापर त्यांनी टीव्हीवर फोडलं. आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, मला मोठा आवाज करणारं काहीतरी आण, असा त्यांनी मुलामागे लकडा लावला. त्यानं आनंदानं होम थिएटर पाठवून दिलं. वर लावायचे दोन उंच स्पीकर आणि खाली ठेवायचा धमधम करणारा एक मोठा डबा. आता बोटावरचा विश्वास उडाला होता, म्हणून की काय, आक्का कागदाला लागल्या. "वॉरंटी हाय ना? मग झालं." मिक्सर असो, पंखा असो, औषधाची गोळी असो, त्यांचा हा एकच प्रश्न. होम थिएटरचं वॉरंटी कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं.

दुकानाचा माणूस लावायला आला तेव्हा मी तिथंच होते. आक्कांना दोन्ही स्पीकर पलंगाच्या उशाशी, कानाच्या अगदी वर हवे होते. त्या माणसानं भिंतीवर मूठ आपटली. भिंत बद वाजली. आमच्याकडच्या बऱ्याच घरांसारखीच ती, आत पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटा आणि वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर हिरवा ऑइलपेंट. दिसायला बंगला. तो म्हणाला, मावशी, ही भिंत वजन घेणार नाही, टेबलावर ठेवू. आक्कांनी त्याला बाजूला केलं, स्वतःच्या बोटानं भिंत वाजवली, कान लावला, डोळे मिटले.

"खणखणीत हाय. लाव."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी जमिनीकडे. ड्रिल लागलं तशी भोकातून पांढरट माती धारेनं खाली आली, धान्याचं पोतं फाटावं तशी. त्यानं लांब खिळे ठोकले, कडेनं सिमेंट थापलं, आणि जाताना मला दारात गाठून सांगितलं की वॉरंटी स्पीकरची आहे, भिंतीची नाही.

मग सुरू झाला तो आवाज. मालिकेतली सासू बोलायला लागली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. बशीतल्या चहावर वर्तुळं उठायची. आणि त्या सगळ्याखालून दुसरा एक आवाज यायचा, बारीक, करकर, दातात खडा आल्यासारखा. तो भिंतीतून यायचा. मला यायचा, शेजारणीला यायचा. आक्का पलंगावर, त्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून खुशाल बसलेल्या असायच्या. रोज सकाळी उशीवर मातीचा एक लहानसा ढीग पडलेला असे. मुंग्या माती काढतात, असं म्हणून आक्का तो झटकून टाकायच्या. पावसाळा लागला तशी खिळ्यापासून एक चीर निघाली आणि छपराच्या पत्र्यापर्यंत गेली. मी येता-जाता तिच्यात करंगळी घालून बघायचे. आषाढात नख जायचं. श्रावणात पेर गेलं.

बाळासाहेबला सांगावं, तर तो येणार, आईच्या पाठीमागे उभा राहणार, आणि ह्या वेळी भिंतीचा आवाज ऐकून विचारणार, की आई, हे तुला ऐकू कसं येत नाही? न सांगावं, तर ती भिंत. गावातल्या वायरमनला बोलावून स्पीकर उतरवून घेऊ म्हटलं, तर आक्कांनी साफ नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याचा हात लागला की वॉरंटी जाते.

शेवटी मी माझ्या अकलेप्रमाणे डाव टाकला. वॉरंटी कार्ड मागून घेतलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मला इंग्रजी येतं ते नातवाच्या पहिल्या पुस्तकापुरतं, सफरचंद आणि बॉलपर्यंत. पण बोट ओळींवरून असं फिरवलं, की वकिलानं बघत राहावं. म्हटलं, आक्का, कंपनी म्हणते स्पीकरखाली कुणी झोपलं तर वॉरंटी रद्द. आक्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि पलंग ओढत समोरच्या बाजूला घेऊन गेल्या. त्या दिवशी मी घरी आले ती अशा थाटात, की जणू कंपनी माझीच.

परतीचा पाऊस चांगला बसून पडला. तो उघडल्यावर सकाळी कडक ऊन पडलं. मातीच्या भिंती पावसात तग धरतात आणि उन्हात बसतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मी ताकाचा तांब्या घेऊन आक्कांकडे निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी होते तेव्हा तो आवाज झाला. विटांनी भरलेला ट्रॉला उपडा करावा तसा. सगळी गल्ली बाहेर आली. धुरळ्यात काही दिसेना. कुणीतरी आक्कांच्या नावानं ओरडत होतं. मी पुढच्या दारानं आत शिरले, तांब्या तसाच हातात.

आक्का आतल्या खोलीत, गॅसपुढे, आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या.

भिंत पडून गेली होती, माणसं ओरडत होती, आणि त्यांचा हात परातीत लयीत फिरत होता. तव्यावरची भाकरी फुगली होती. पिठावर धूळ बसायला लागली तेव्हा त्यांनी फुंकर मारली आणि पत्र्याकडे बघितलं. मग परातीवर ऊन आलं. त्या खोलीत सकाळी कधीच ऊन यायचं नाही. त्या उन्हाकडे त्यांनी पाहिलं, आणि हळूहळू मागे वळल्या.

पलंगाची जुनी जागा विटामातीखाली गेली होती. एक स्पीकर वायरीवर लोंबत होता. मोकळ्या झालेल्या जागेतून शेजाऱ्याचा गोठा आणि तोंड उघडी टाकून उभी असलेली माणसं दिसत होती. आक्का पिठाच्या हातानं त्या ढिगाजवळ आल्या.

"कागदात तसं न्हवतं," त्या म्हणाल्या. "वाचताना तुझं डोळं कागदावर न्हवतं, माझ्यावर हुतं."

मी विचारलं, मग पलंग का हलवला?

"तू लई भ्यालेली दिसलीस." मग माणसांकडे पाठ करून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शकू, एवढी भिंत पडली आन् मला कायबी ऐकू आलं न्हाई गं."

मी त्यांना खाली बसवलं. बराच वेळ त्या स्वतःच्या तळहातांवरचं पीठ चोळून काढत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "बाळ्याला फोन लाव. तूच बोल. मला समजायचं न्हाई."

बाळासाहेब रागावला नाही. भिंत बघितली, पलंग बघितला आणि आईचे पाय धरून बसला. दुकानात फोन केला तर त्यांनी भिंतीसकट पडलेल्या स्पीकरला वॉरंटी लागत नाही असं सांगितलं. आक्कांनी ते विचारलंही नाही. टेम्पो आला. पातेली, पलंग, देव, सगळं चढलं. आक्कांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. गल्लीतल्या बाया टेम्पोभोवती उभ्या होत्या. मी खिडकीशी गेले, त्यांचा हात धरला आणि चार शब्द बोलले. म्हशींची नावं घेणारा माझा तो जाडा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

आक्का माझ्या ओठांकडे बघत होत्या, पण ते नीट हललेच नसावेत. त्या वाकून, कान पुढे करून, सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "ऐकू आलं न्हाई. परत बोल."

मी बोलले होते ते मोठ्यानं दुसऱ्यांदा बोलता येण्यासारखं नव्हतं. मी नुसता हात वर केला, आणि टेम्पो सुप्याच्या वाटेला लागला.