वाघ, मोर, गुलाब आणि टॅक्स रिफंड

ऐन मे महिन्यात दुबईच्या विमानतळावर तीन माणसं जाडजूड ब्लँकेटं पांघरून उभी होती. त्यातला वाघाच्या ब्लँकेटातला मी. मोर पांघरलेली ती सुनीता, माझी बायको. आणि डोक्यावरून गुलाब घेतलेले ते मामा, म्हणजे माझे सासरे. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते आणि मी विमानांच्या वेळापत्रकाकडे बघत होतो. (त्यात काही कळत नव्हतं. पण तोंड दाखवायला दुसरीकडे जागा नव्हती!)

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी माझी हुशारी सांगावी लागेल, आणि ती थोडक्यात आटोपते. सुरतेत उधन्याला माझं एका टेबलाचं ऑफिस आहे. एम्ब्रॉयडरीच्या कारखानदारांचे जीएसटी रिटर्न मी भरतो. त्यामुळे कर या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. बाकी एकाही विषयावर नसतो.

दुबईत पोचलो त्याच दिवशी आम्ही बाजारात शिरलो. भावासाठी वाघाचं आणि वहिनीसाठी मोराचं, अशी दोन ब्लँकेटं पसंत पडली. (नाही, ती सुरतची बनावट नव्हती. तेवढा फिल्मी योगायोग आमच्या नशिबात नाही!) दुकानदारानं भाव सांगितला आणि जन्मभराच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बिल नको. आता बोला!"

दुकानदार खूश झाला, भाव उतरला, मीही खूश झालो. सुरतेत हे वाक्य पावलोपावली ऐकू येतं. ते दुबईतही चालतं हे पाहून मला परदेश एकदम जवळचा वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मॉलमध्ये मामांसाठी गुलाबाचं ब्लँकेट घेतलं. तिथल्या सेल्समननं पासपोर्ट मागितला, बिलाला एक चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, "एअरपोर्ट पे टैक्स वापस मिलेगा, सर."

माझे कान टवकारले. टॅक्स! वापस! आणि नेमकी त्याच क्षणी सुनीता शेजारच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी होती. आत एक घड्याळ होतं. छोटंसं, सोनेरी, निळ्या तबकडीचं.

सुनीता कधी काही मागत नाही. लग्नात दिलेलं घड्याळ बंद पडून वर्षं लोटली होती. ती मोबाइलवर वेळ बघायची आणि मी चारचौघांत त्याला साधेपणा म्हणायचो. आज पहिल्यांदाच ती म्हणाली, "अहो, हे छान आहे ना?"

घड्याळ होतं छानच, पण खिसा ब्लँकेटांनी रिकामा केला होता. "घेऊ की!" मी म्हणालो. "इथं नको, विमानतळावर घेऊ. रिफंडच्या पैशात!"

"तेवढे येतील?"

"सुनीता, आपण माल देशाबाहेर नेतोय. म्हणजे ही निर्यात झाली. आणि निर्यातीवर कर शून्य! तिन्ही ब्लँकेटांचा टॅक्स परत येणार."

तिनं लगेच बहिणीला फोन लावला. "घड्याळ घेतेय! नाही गं, फुकटच पडतंय. ह्यांना सगळं माहीत असतं ना!" हे वाक्य मी लपून ऐकलं आणि रात्रभर सुखानं झोपलो.

निघायच्या सकाळी अडचण वेगळीच उभी राहिली. ब्लँकेटांच्या फुगीर पिशव्या कुठल्याच बॅगेत मावेनात. तेव्हा मामा उठले. मामांनी उभी हयात रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं बांधण्यात घालवली. त्यांनी आपल्या बॅगेच्या तळातून बारदान, सुतळी आणि हातभर लांबीचा दाभण काढला.

"मामा, हे तुम्ही सुरतेहून आणलंत?"

"मंग? परदेशमा जाई ऱ्हायनूत, माल तं येवावच!"

मामांनी ब्लँकेटं एकावर एक घातली, वर गुडघा रोवला आणि सुतळी ओढली. हत्तीएवढा ऐवज उशीएवढा झाला. वर काळ्या शाईनं नावही घातलं : 'सुनीताबाई, डिंडोली, सुरत'. मी टाळ्या वाजवल्या. (हे आठवलं की आजही माझे तळहात लाजतात!)

विमानतळावर रिफंडच्या काउंटरला एक हसतमुख तरुणी होती. मी ऐटीत पासपोर्ट पुढे केला.

"बिल, सर?"

"मामा, बिल द्या."

"बिल मालना संगे शे," मामा शांतपणे म्हणाले.

"मालासोबत म्हणजे कुठे?"

मामांनी पार्सलावर थाप मारली. मार्केटात बिल पार्सलाच्या आतच घालायची रीत. माल कलकत्त्याला उघडला की व्यापाऱ्याला आत बिल सापडतं. रीत उत्तम होती, फक्त आम्हाला कलकत्त्याला जायचं नव्हतं.

"कोई बात नहीं, खोल दीजिए," ती म्हणाली. "सामान भी देखना है. नया है ना? इस्तेमाल तो नहीं किया?"

मामांनी पार्सलाला मिठी मारली. "मनं पार्सल रस्तामा उघडत नही!"

"मामा, त्या मॅडमना माल बघायचाय."

"आज पावत एक पार्सल वाटमा उघडनं नही, जवाईबापू. ज्यानं नाव, त्यानीच उघडानं!"

मामांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मागे रांग वाढत होती. मी पार्सलाकडे बघितलं, नावाकडे बघितलं, आणि मग सुनीताकडे.

"नाव माझंच आहे, बापू," सुनीता वडिलांना म्हणाली. तिनं पर्समधून नेलकटर काढलं आणि एकेक टाका कुरतडायला सुरुवात केली. एवढ्या जिद्दीनं तिला मी कशाच्या मागे लागलेलं पाहिलं नव्हतं. घड्याळासाठी चाललं होतं ते सगळं, आणि ते कळत असल्यामुळे मला तिथे उभं राहवेना.

शेवटचा टाका तुटला आणि पार्सलानं श्वास घेतला! आधी वाघ उसळला, मग मोर पसरला, गुलाब तर काउंटरवर चढून त्या तरुणीच्या कॉम्प्युटरवर पडला. गुलाबाच्या घडीतून बिल निघालं.

तिनं ते वाचलं. "ये एक का है. बाकी दो का बिल?"

"बिल नहीं लिया. लेकिन टैक्स तो..."

"बिल नहीं लिया तो टैक्स कहाँ भरा, सर?"

हाच प्रश्न मी उधन्याला बसून रोज लोकांना विचारतो. एवढा सोपा प्रश्न इतका वाईट लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग एका ब्लँकेटाचा हिशेब झाला. तिथला कर आपल्यासारखा भरघोस नव्हता, चिमूटभरच होता. त्यातून त्यांनी आपलं शुल्क कापून घेतलं. हातात जे आलं ते मी मूठ न मिटताच खिशात टाकलं. मुठीत लपवण्याएवढंही नव्हतं.

इकडे मामा ब्लँकेटांवर गुडघा रोवत होते, पण ती पुन्हा बसायला तयार नव्हती. सुतळीचे तुकडे झाले होते, आणि सुटी ब्लँकेटं सामानात घेणार नाही म्हणून पलीकडच्या काउंटरवाल्यानं हात वर केले. तेव्हा सुनीतानं मोर उचलला आणि अंगाभोवती गुंडाळला.

"आता इस्तेमाल केलं तर चालेल ना?" तिनं मला विचारलं. मी वाघात शिरलो.

आतल्या दुकानांत ते घड्याळ होतं. तेच, निळ्या तबकडीचं. सुनीता मोरासकट त्याच्यासमोर उभी राहिली, किंमत वाचली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुढे गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

मी खिसा उलटा केला आणि रिफंडच्या पैशात येणारी एकमेव वस्तू घेतली : फ्रिजला चिकटवायचा लोहचुंबक, घड्याळाच्या आकाराचा. सोनेरी, निळ्या तबकडीचा! काटे छापलेले, कायमचे दहा वाजून दहा मिनिटांवर. सुनीतानं तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मग इतकी हसली की मामांच्या डोक्यावरचा गुलाब खाली घसरला.

तो लोहचुंबक आता आमच्या फ्रिजवर आहे. परवा एक कारखानदार घरी आला. चहा पिता पिता त्यानं काळजीनं विचारलं, "साहेब, माझा रिफंड कधी येणार?"

मी घसा साफ केला, नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुनीतानं स्वयंपाकघरातून फ्रिजकडे बोट दाखवलं.

"त्या घड्याळात अकरा वाजले की येईल!"