फोटोच्या बाहेरचं कापड

परवा मिरजेला मडिवाळप्पा मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. घरातले सगळे झोपलेत आणि मला झोप नाही. मला काळजी करायला कारण लागत नाही असं आमचे हे म्हणतात. या वेळी कारण आहे, म्हणून या माणसाबद्दल लिहून ठेवते.

सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका बोळात, शिंप्याच्या दुकानावर, त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मी बी.ए. झाले तेव्हा, चोपन्न साली, भाड्याचा काळा झगा घालून आणि हातात कागदाची गुंडाळी धरून त्यांच्याच समोर उभी राहिले होते. एकवीस वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, लेकीला, आमच्या गोदावरीला, घेऊन पुन्हा तो जिना चढले. माझं नाव त्यांना आठवलं नाही. तोंडाकडं बघून मात्र लगेच म्हणाले, "डावी बाजू. अक्का, तुमची डावी बाजू चांगली."

गोदावरीला टायपिंगच्या क्लासला जायचं नव्हतं. तिला काळ्या-पांढऱ्या फोटोला हातानं रंग द्यायला शिकायचं होतं. ह्यांनी हो म्हटलं, पण मला ते पटेना. स्टुडिओ म्हणजे काळोखी खोली, लाल दिवा, औषधांचा वास. लोक काय काय बोलतील! म्हणून मीही रोज दुपारी तिच्याबरोबर जाऊ लागले. ती आत, मी बाहेर बाकावर चटणीसाठी शेंगा फोडत. मामा एकदाच म्हणाले, "अक्का, बसा की निवांत. टरफलं तेवढी जिन्यात टाकू नका. गिऱ्हाईक घसरून आलं की फोटोत तोंड वाकडं येतंय."

बसून बसून मला त्यांचं काम कळत गेलं. विजेचे दोन मोठे दिवे होते, पण त्यांचा भरवसा पश्चिमेच्या खिडकीवर. खिडकीपुढं दोरी, दोरीवर पांढरं धोतर. चार वाजता ऊन आलं की ते धोतरातून गाळून गिऱ्हाइकाच्या तोंडावर घ्यायचं. ते जुनेर दर सोमवारी ते स्वतः धुवायचे. कधी कुठं ठिगळ, कधी कुठं. नवं आणा म्हटलं तर म्हणायचे, "नव्या कापडातनं उजेड पाझरत न्हाय."

त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचं बारीक काम त्यांनी गोदावरीकडं दिलं. कॅमेऱ्याला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी ते म्हणाले, "त्याआधी एक फोटो काढायचा हाय. माझा."

"मामा, तीस वर्षांत स्वतःचा एकही नाही?" गोदावरीनं विचारलं.

"कुणाकडनं काढू? सोलापुरात चांगला फोटोग्राफर हाय कुठं?"

तीन दिवस त्यांची तयारी चालली होती. राजवाडा आणि हंस रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवला. मागं नुसती चुन्याची भिंत. दोरी खिडकीपासून जरा पुढं ओढली, म्हणजे धोतर त्यांच्या खांद्यामागं फोटोतच दिसेल. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कोट नको, अंगात साधी बंडी. आणि ज्या रबरी फुग्यानं कॅमेरा उघडायचा तो मुठीत, दिसेल असा.

"धोतर फोटोत?" मला राहवलं नाही. "लोक म्हणतील, वाळत घातलंय."

"वाळतच घातलंय की."

उजेड लावायला त्यांच्या जागी कुणीतरी बसायला हवं होतं. गोदावरी आत काळोखात कॅमेऱ्याची प्लेट भरत होती, म्हणून मला बसवलं. मी त्यांच्याहून टीचभर बुटकी, तर खाली चादरीची घडी घातली. हनुवटी कशी धरायची ते लांबून पट्टीनं दाखवायचे. जरा वर, जरा खाली.

"घाबरल्यासारखं करू नका अक्का."

"मी घाबरलेच आहे."

"मी न्हाय घाबरलो. माझ्या जागी बसलाय, माझ्यावानी बसा."

मग धोतराच्या चुण्या सारख्या करता करता ते बोलू लागले. त्यांचे वडील याच पेठेतल्या घरांचे कपडे धूत. स्टुडिओ उघडला तेव्हा विजेचा दिवा घ्यायची ऐपत नव्हती आणि चारच्या उन्हात सगळ्यांची तोंडं करपलेली यायची. वडिलांनीच आपलं धोतर खिडकीवर टाकून दाखवलं. "म्हणाला, कापड उन्हात उजळतंय, माणूस न्हाय. मधी कापड धर."

"मग ते इथं बसायचे?"

मामांनी एक चुणी पुन्हा सरळ केली. "गिऱ्हाईक म्हंजे तीच घरं. ज्येंची कापडं त्यो धुवायचा, ती कोट घालून खुर्चीवर बसायची. मला लाज वाटायची. मीच म्हनलो, अप्पा, तू बाहेर थांब. तर त्यो जिन्यात बसाय लागला. मरंपर्यंत जिन्यातच. त्याचा फोटो काढू काढू म्हणत ऱ्हायला. त्याचं हे कापडबी तसंच, तीस वर्षं फोटोच्या बाहेर."

काळं फडकं डोक्यावर घेऊन ते कॅमेऱ्याच्या काचेत बराच वेळ बघत राहिले. गोदावरी म्हणाली, "मामा, मी बघू का?" आतूनच उत्तर आलं, "तू रंग दे."

मग मी उठले, चादर काढली, ते बसले आणि त्यांनी फुगा दाबला.

दुसऱ्या दिवशी छापील फोटो त्यांनी खिडकीशी धरला, वर भिंग. "कापड कसलं आलंय बघ!" खरंच, ठिगळाचा टाका न् टाका मोजता आला असता. चेहरा मात्र पाण्यातून बघावा तसा होता. मला दिसलं. गोदावरीलाही दिसलं.

"आणि डोळं? डोळं कसं आल्यात?"

दुसरा फोटो काढणं काही अवघड नव्हतं. पण खरं सांगितलं तर या माणसाला आज कळणार होतं की कॅमेऱ्यामागची त्याची नजर गेली. तेही ऑपरेशनच्या तोंडावर. माझ्या तोंडून पटकन निघालं, "छान आलेत!" आणि मी गोदावरीचा दंड दाबला.

तिनं तो सोडवून घेतला. "आई उगीच म्हणते. मामा, डोळे आले नाहीत. नेम कापडावर बसलाय."

मामांनी भिंग खाली ठेवलं. "हे कधीपासनं?"

"संक्रांतीपासून. गिऱ्हाइकांच्या पापण्या मी पेन्सिलीनं ओढत होते."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"धीर झाला नाही."

"आईची लेक," ते म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते उठले, धोतर पुन्हा दोरीवर टाकलं, खुर्चीत बसले आणि काळं फडकं तिच्याकडं फेकलं. "घे. तू बघ."

गोदावरी फडक्याखाली गेली. खिडकीचं दार वाऱ्यानं हलत होतं. आपटलं तर काच फुटेल, पोरीला लागेल, म्हणून मी ते धरायला धावले.

"मामा, कापडावर काळं काय आलंय?" फडक्याखालून आवाज आला.

"तुझी आई हाय ती. अक्का, सावली पडतीय तुमची. जरा बाहेर थां..."

ते थांबले. जिन्याच्या दाराकडं बघितलं.

"बाहेर नको," ते म्हणाले. "हितंच बसा. बाकावर. दार आपटू दे."

मी बसले. दार दोनदा आपटलं, काच फुटली नाही. "आले डोळे," गोदावरी म्हणाली आणि फुग्याचा फुस्स आवाज झाला.

तो फोटो आता माझ्यापुढं आहे. कापड जरा पुसट आलंय. डोळे स्वच्छ आलेत, कॅमेऱ्यात बघत नाहीत, जिन्याच्या दाराकडं बघतात. मामांनी तो अजून पाहिलेला नाही. मिरजेहून आल्यावर बघतो म्हणाले. तोवर त्याला रंग द्यायचा नाही, असं मी गोदावरीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "आई, तुला वाटलंच कसं मी देईन म्हणून?"