शेवटची तिरकी रेघ

यंत्र खोटं बोलत नाही, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना गंभीर चेहऱ्यानं सांगतो. खरंच बोलत नाही — प्रयोगशाळेत ते काम माझ्याकडे आहे. पुढचं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

समुद्रपूरकडच्या एका कॉलेजात मी संगणक शिकवतो. वनस्पतिशास्त्राच्या वानखेडे सरांनी अकरा वर्षं कपाशीच्या धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, तणांचे फोटो काढले होते. त्यांचा लॅपटॉप बिघडला, म्हणून सगळे माझ्या डिस्कवर ठेवले — विश्वासानं. त्याच डिस्कवर मला प्राचार्यांच्या सत्काराचे फोटो उतरवायचे होते. मी माऊस वापरत नाही, कमांड लिहितो. त्यात जरा ऐट असते.

त्या कमांडमध्ये फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली नाही, तर फोल्डर नावासकट जातो, शेजाऱ्यांना हात लावत नाही. रेघ दिली, तर नुसता आतला माल डिस्कवर ओतला जातो. आणि सोबत ‘जास्तीचं पुसून टाक’ असंही सांगितलं असेल, तर जे सत्कारात नाही ते सगळंच जास्तीचं. मी सांगितलं होतं. रेघही दिली होती. काय काय पुसलं, ते पडद्यावर ओळीओळीनं आलं. तणं गेली — हारतुरे राहिले.

मग मी बोललो का?

सरांचा संशय मंदाबाईंवर होता. त्या खोली झाडतात, आणि कूलर लावायला संगणकाचा प्लग काढतात, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक. सरांनी माझ्यासमोरच विचारलं.

“नाई जी सर,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तं कूलरले पाणीच नव्हतं.” मग माझ्याकडे वळून, “तुमी तं इथंच बसून होते. सांगा ना सरले.”

मी सांगितलं — प्लग काढल्यानंही असं होऊ शकतं. वाक्य म्हणून चूक नाही. तोलूनमापून बोललो होतो, हेच तर वाईट.

मंदाबाईंना मैदानाच्या कामावर पाठवलं. एप्रिलात.

त्यांनी ओळखलं असेल का? तेव्हापासून त्या मला बघून नुसत्या बाजूला होतात. सर अजून माझ्याच टेबलावर चहा पितात — आणि मला वाटतं, कपाआडून बघतात. दोघांपैकी कुणाला किती कळलंय, याचाच मी रोज अंदाज घेतो. त्यांच्या नुकसानीचा नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजनं ‘माहितीची सुरक्षितता’ यावर माझं व्याख्यान ठेवलं, शाल-श्रीफळासह. खुर्च्या मंदाबाईंनी मांडल्या. चाळीस. सात भरल्या.